फ्लूची लस: घरात आधी कुणाला?

पत्र

नमस्कार डॉक्टर. मी वाई तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. घरात आम्ही पाच जण. सासूबाई ६९ वर्षांच्या. त्यांना बारा वर्षांपासून शुगर आहे आणि पावसाळा लागला की दमा उठतो. सासऱ्यांना ७३ पूर्ण झाली. तीन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत. मिस्टर पिकअप चालवतात, मुलगी सात वर्षांची आहे. सासूबाई दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर आळंदीपासून पंढरपूरपर्यंत पायी जातात. मागच्या वर्षी वारीहून परतल्या त्या ताप घेऊनच, आणि दोन आठवडे अंथरुणाला खिळल्या. यंदा आमच्या डॉक्टरांनी फ्लूची लस घ्या म्हणून सांगितलंय. एका इंजेक्शनचे अठराशे रुपये.

घरात एकमत होत नाही. सासरे म्हणतात, करोनाच्या वेळी तीन टोचून घेतल्या, आता बास. मिस्टर म्हणतात, आमच्या जाऊबाईंनी गेल्या जुलैत ही लस घेतली आणि तिसऱ्या दिवशी फणफणल्या, म्हणजे लसच बाधली. सासूबाईंचं म्हणणं, माउलीच्या वाटेवर काही होत नाही, आणि झालंच तर काढा आहे. पाच जणांचे नऊ हजार होतात. तेवढे माझ्याजवळ नाहीत. लस घ्यावीच का? घ्यायची तर कुणी?

उत्तर

ताई, तुमच्या घरात ही लस घ्यायला हवी ती सासूबाईंनी आणि सासऱ्यांनी. या दोघांबद्दल माझ्या मनात काडीची शंका नाही. पैशाची सोय झाली तर तिसऱ्या तुम्ही. मुलीचं आणि मिस्टरांचं यंदा राहिलं तरी मी तुम्हाला बोल लावणार नाही. नऊ हजारांच्या आकड्याला घाबरून सगळंच बारगळू देऊ नका. आधी छत्तीसशेचा विचार करा, आणि त्यातलेही वाचतील का ते पुढे सांगते.

आपल्याकडे सर्दी-पडसं, ‘व्हायरल’ आणि फ्लू हे सगळं एकाच मापाने मोजलं जातं, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. पडशाला नाक गळतं, घसा खवखवतो, माणूस कण्हत-कुंथत का होईना कामावर जातो. फ्लू वेगळा. सकाळी भाकऱ्या थापणारी बाई दुपारी पांघरूण घेऊन पडते. अंग मोडून येतं, डोळे जड होतात, कोरडा खोकला छातीत घुमतो आणि ताप उतरल्यावरही आठ-पंधरा दिवस पायात जीव नसतो. सासूबाईंचे मागच्या वर्षीचे ते दोन आठवडे मला असेच वाटतात. तपासणी झालेली नाही, त्यामुळे तो फ्लूच होता असं मी म्हणणार नाही. पण पालखी आणि फ्लू यांची वेळ एकच आहे, हे लक्षात घ्या.

ही वेळ महत्त्वाची आहे. युरोप-अमेरिकेत फ्लू हिवाळ्यात येतो. आपल्या महाराष्ट्रात त्याचा मोठा हंगाम पावसाळा, जून ते सप्टेंबर. हिवाळ्याच्या शेवटी एक लहान लाट पुन्हा येते. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून निघते ती नेमकी या हंगामाच्या तोंडावर. पुढचे अठरा-वीस दिवस पाऊस, ओली लुगडी, एकेका तंबूत दाटीवाटीने झोपलेली माणसं. शेजारचीला खोकला असेल तर तो रात्रभर आपल्या तोंडावर येतो. फ्लू झालेला माणूस ताप चढायच्या एक दिवस आधीपासूनच तो इतरांना देऊ लागतो, म्हणजे ‘आजारी माणसापासून लांब बसा’ हा सल्लाही तिथे पुरत नाही.

सासूबाईंना एक गोष्ट विचारून बघा. त्यांच्या आईने किंवा आजीने ‘मानमोडी’चं नाव कधी काढलं होतं का? १९१८ साली मुंबई बंदरातून देशात पसरलेली ती साथ फ्लूचीच होती. देशात कोटीच्या वर माणसं गेली. आपल्या जुन्या बायकांना हा आजार नावानिशी माहीत होता, आणि त्याला ‘साधा ताप’ कुणी म्हणत नव्हतं. नंतर तो आपल्या विस्मरणात गेला. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला, तेव्हा काही महिने त्याची आठवण झाली. तोच विषाणू आज दरवर्षीच्या फ्लूच्या गोतावळ्यात सामील आहे आणि दरवर्षीच्या लशीत त्याचा भाग असतोच.

आता तुमच्या घरातली दोन माणसं. शुगर असलेल्या माणसाला फ्लू झाला की साखर ताळ्यावर राहत नाही, आणि तो छातीत उतरून न्यूमोनिया व्हायची भीती इतरांपेक्षा जास्त. त्यात दमा. म्हणजे सासूबाईंच्या बाबतीत दोन कारणं एकावर एक, वयाचं तिसरं, वारीचं चौथं. सासऱ्यांचं कारण लोकांना पटकन उमगत नाही. ते तर घरीच असतात, त्यांना कशाला, असं वाटतं. पण फ्लू फक्त फुप्फुसाचा आजार नाही. अंगात जी आग पेटते तिचा ताण हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर येतो. कॅनडातल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण एरवीच्या सुमारे सहा पट होतं. स्टेंट बसवलेल्या माणसाने हे वाक्य दोनदा वाचावं. आणि ते घरी असतात हे खरं असलं, तरी फ्लू घरी आणणारी माणसं घरात आहेतच: वारीहून येणाऱ्या सासूबाई, शाळेत जाणारी नात आणि पंचवीस-तीस शेंबड्या नाकांमध्ये दिवस काढणाऱ्या तुम्ही.

सासरे म्हणतात, करोनाच्या तीन घेतल्या. त्यांचा कंटाळा मला समजतो. पण करोनाचा विषाणू वेगळा, फ्लूचा वेगळा. एकाच्या लशीने दुसरा अडत नाही. आणि फ्लूची दरवर्षी का? कारण हा विषाणू दरवर्षी अंगरखा बदलतो. मागच्या वर्षीच्या लशीने शरीराला जी ओळख पटवून दिली, ती यंदा अर्धवट उरते, शिवाय लशीचा जोरही काही महिन्यांत ओसरतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, पुढच्या हंगामासाठी लशीत कोणते विषाणू घ्यायचे ते ठरवते. त्यासाठी जगभरातून नमुने गोळा होतात, आणि आपल्या देशातले नमुने तपासणाऱ्या संस्थांमध्ये पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था आहे.

तुमच्या जाऊबाईंचं. तिसऱ्या दिवशी ताप आला हे खरं आहे, आणि मिस्टरांनी त्यावरून काढलेला अर्थ कुणीही काढेल. पण दंडात टोचायच्या या लशीत जिवंत विषाणू नसतो, मेलेल्या विषाणूचे तुकडे असतात. त्यातून फ्लू होऊच शकत नाही. लशीने होतं ते इतकंच: दंड दुखतो, क्वचित कणकण येते, अंग दुखतं, आणि एक-दोन दिवसांत निवळतं. जाऊबाईंनी लस घेतली जुलैत, म्हणजे साथ ऐन भरात असताना. लशीचं बळ अंगात यायला दोन आठवडे लागतात. टोचलं त्या दिवशी एखादा विषाणू अंगात आधीच शिरलेला असेल, किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिरला असेल, तर लस त्याला अडवणार कशी? त्यांचं चुकलं असेल तर ते महिना निवडण्यात.

लस घेतली म्हणजे फ्लू होणारच नाही, असं मी तुम्हाला सांगणार नाही, आणि कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. लशीतले विषाणू आणि त्या वर्षी गावात फिरणारे विषाणू नीट जुळले, तर दवाखाना गाठायला लावणारा फ्लू साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे लस न घेतलेल्यांत जिथे दहा जण आजारी पडतील, तिथे तेवढ्याच लस घेतलेल्यांत चार ते सहा. म्हाताऱ्या माणसांत हा फायदा आणखी थोडा कमी होतो, कारण वयाबरोबर शरीराची प्रतिकार उभी करायची ताकदच उतरते. मग मी एवढा आग्रह का धरते? कारण लस घेऊनही फ्लू झाला, तरी तो ॲडमिट व्हायला लावेल, ऑक्सिजनवर नेईल, ही शक्यता घटते. सासूबाईंच्या बाबतीत मला भीती तापाची नाही. ताप आल्यानंतर जे होतं त्याची आहे.

ते काय असतं, हे मी माझ्या घरात बघितलंय. २०१७ च्या पावसाळ्यात माझी आई ७४ वर्षांची होती. तिलाही शुगर. लशीची खोकी माझ्या दवाखान्याच्या फ्रिजमध्ये होती आणि दवाखाना घराच्याच पुढच्या खोलीत. मी दोनदा विषय काढला. ती म्हणाली, ‘तुझ्या पेशंटना दे आधी, मी कुठे बाहेर जाते?’ आणि मी ऐकलं. ऑगस्टमध्ये तिला ताप आला, चौथ्या दिवशी धाप लागली, अकरा दिवस ती रुग्णालयात होती. वाचली. पण घरी आली ती दुसरीच बाई. रोज पहाटे उठून देवळात जाणारी, परड्यातली फुलं कुणाला तोडू न देणारी माझी आई नंतर काठीशिवाय उंबरा ओलांडू शकली नाही. लस दिली असती तर हे टळलंच असतं, असं छातीठोकपणे मला म्हणता येत नाही. पण फ्रिजचं दार उघडायला मला दहा पावलं चालायची होती, आणि मी ती चालले नाही. तेव्हापासून मी वयस्कर माणसांचं ‘मला कशाला’ पहिल्या फटक्यात मान्य करत नाही. तुम्हीही करू नका.

सासूबाईंशी बोलताना लस आणि माउली यांना समोरासमोर उभं करू नका. त्या श्रद्धेपुढे आपण हरणार, आणि हरायलाच हवं. त्या वारीला निघताना शुगरच्या गोळ्या पिशवीत ठेवतात ना? नवी चप्पल आधी पंधरा दिवस घालून सैल करतात ना? ही त्याच तयारीतली गोष्ट. मागच्या वर्षी येताना तब्येत बिघडली, यंदा चालणं नीट व्हावं म्हणून हे घेऊया, असं म्हणा. काढ्यालाही नाव ठेवू नका. गवती चहा, आलं, तुळस यांनी घसा मोकळा होतो, बरं वाटतं, त्यांनी तो खुशाल घ्यावा. फक्त गूळ घालून नको, साखर वाढेल. पण काढ्याने शरीराला फ्लूच्या विषाणूची ओळख पटत नाही. ते काम लशीचं.

आता पैशांचं. ही लस सरकारच्या नेहमीच्या लसीकरणात नाही, म्हणून ती बाहेर विकत घ्यावी लागते. पण महाराष्ट्रात २०१५ पासून गरोदर बायकांना आणि शुगर-बीपीच्या रुग्णांना ती सरकारी दवाखान्यांतून मोफत द्यायला सुरुवात झाली होती. साठा दरवर्षी आणि सगळीकडे सारखा नसतो, म्हणून चौकशी करावी लागते, आणि चौकशीसाठी तुमच्याइतकी सोयीची माणसं थोडी. उपकेंद्राच्या सिस्टर तुमच्या अंगणवाडीत दर महिन्याला येतातच. त्यांना विचारा, आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातही विचारा. सासूबाईंच्या शुगरचे कागद सोबत न्या. तिथे मिळाली तर एकाच इंजेक्शनचे पैसे लागतील, आणि त्या वाचलेल्या अठराशेत तुमची होईल.

तुमची का, तेही सांगते. तुम्ही ज्या बाळांना मांडीवर घेता, त्यातल्या सहा महिन्यांच्या आतल्यांना ही लस देताच येत नाही. त्यांना वाचवायचे रस्ते दोनच: आईने गरोदरपणी घेतलेली लस, जिचं बळ बाळाला पोटातच मिळतं, आणि आजूबाजूच्या मोठ्यांनी स्वतः आजारी न पडणं. तुमच्याकडे नोंद असलेल्या गरोदर बायकांनाही डॉक्टरांना या लशीबद्दल विचारायला सांगा. त्यांना फ्लू जोरात होतो.

मुलगी सात वर्षांची आणि धडधाकट आहे. फ्लूचा धोका जास्त असतो तो पाच वर्षांच्या आतल्या मुलांना. शिवाय नऊ वर्षांच्या आतलं मूल पहिल्यांदाच ही लस घेत असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणजे तुमच्या हिशेबात तिचे अठराशे नव्हे, छत्तीसशे. म्हणून तिला मी मागे ठेवलं. तिलाही दमा असता तर क्रम बदलला असता.

घेताना काही गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. खोकं हातात मागून घ्या. त्यावर कोणत्या हंगामाची लस ते साल छापलेलं असतं. या दिवसांत नव्या हंगामाची आलेली असते, तीच मागा. मागच्या हंगामातली उरलेली कमी पैशात देतो म्हटलं तरी नको. खोक्यावर तीन विषाणू लिहिलेले असोत की चार, त्यावरून अडून बसू नका. चौथा जो होता, तो मार्च २०२० नंतर जगात कुठे आढळलेला नाही, म्हणून तो लशीतून काढला जातोय. लस २ ते ८ अंश तापमानात राहायला हवी. मेडिकलमधून घेऊन पर्समध्ये टाकली आणि एसटीने तासभर प्रवास केला, असं करू नका. बर्फावर थेट ठेवणंही वाईट, गोठली की ती वाया गेली. ज्यांच्याकडे फ्रिज आणि वीज गेल्यावर काय करायचं याची व्यवस्था आहे, त्यांच्याकडेच टोचून घ्या.

सासूबाईंना त्या दिवशी सैल बाहीचं पोलकं घालायला सांगा. घट्ट बाही दंडावर चढत नाही, मग इंजेक्शन भलत्याच जागी बसतं. सासऱ्यांच्या पातळ रक्ताची अडचण नाही, गोळ्या बंद करायच्या नाहीत. टोचणाऱ्याला आधी सांगा, बारीक सुई वापरतील, आणि नंतर कापूस दोन-तीन मिनिटं घट्ट दाबून धरा. चोळायचं नाही. अंगात चांगला ताप असेल तर पुढे ढकला. पूर्वी याच लशीने अंगावर गांध्या उठून श्वास कोंडला असेल, किंवा लस घेतल्यावर दीड महिन्याच्या आत हातापायातली ताकद गेली असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये. हा दुसरा प्रकार फार विरळा, दहा लाख डोसांमागे एक-दोन. टोचल्यावर पंधरा-वीस मिनिटं दवाखान्यातच बसा. न्यूमोनियाची वेगळी लस असते, तिच्याबद्दलही या दोघांसाठी तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेवा. ती एकदम घ्यायची घाई नाही, पैसे जमले की बघता येईल.

आणि मे संपायच्या आत. पालखी निघायच्या आधी दोन आठवडे हातात असलेच पाहिजेत, तीन असले तर उत्तम.

लस घेऊनही वाटेत ताप आला तर तो अंगावर काढायचा नाही, हे सासूबाईंकडून कबूल करून घ्या. फ्लूवर ओसेल्टामिवीर नावाची गोळी आहे. ती पहिल्या ४८ तासांत सुरू झाली तर खरी उपयोगाची, पण डॉक्टरांनीच द्यायची, दुकानातून आणून नाही. पालखीच्या वाटेवर आरोग्य विभागाची पथकं असतात. तिथे ‘मला शुगर आणि दमा आहे’ हे पहिलं वाक्य म्हणायचं. बोलताना धाप लागली, छातीत दुखलं, बोलणं असंबद्ध झालं, किंवा उतरलेला ताप दोन दिवसांनी पुन्हा चढला, तर तिथून पुढे चालायचं नाही. करोनातला ऑक्सिमीटर घरात पडून असेल तर सेल बदलून त्यांच्या पिशवीत टाका आणि आकडा ९४ च्या खाली गेला की लगेच डॉक्टर, हे दिंडीतल्या एखाद्या जाणत्या बाईला शिकवून ठेवा.

नीरा ओलांडून पालखी लोणंदला येते तेव्हा तुम्ही भेटायला जातच असाल. त्या दिवशी भाकरी-पिठल्याबरोबर शुगरचं मशीन न्या. त्यांना बसवून एकदा साखर बघा, इनहेलर संपत आलाय का ते बघा, आणि रात्री झोपताना खोकला येतो का हे त्यांना नव्हे, शेजारी झोपणाऱ्या बाईला विचारा.